पोटावरची सुरी आणि पेजेची वाटी

गेल्या चवथीची गोष्ट. फोंड्याजवळच्या आमच्या मूळ घरी दुसऱ्या दिवशीची पंगत बसली होती. पानावर खतखते होते, मुगागाठी होत्या, पातोळ्या आणि नेवऱ्या होत्या, आणि या सगळ्याहून जास्त आग्रह होता. आमच्याकडे चवथीला दुसऱ्यांदा न घेता कोणी हात धुतला तर वाढणाऱ्याला आपलेच काही चुकले असे वाटते. माझी थोरली चुलतबहीण, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, पंगतीच्या टोकाला बसली होती. तिच्या पानावर एक लहान वाटीभर भात, दोन चमचे मूग आणि अर्धी पातोळी. काकी वाढायला आली आणि थबकली. "एवढेच? सासरी उपाशी ठेवतात काय गो तुला?" ताई हसून म्हणाली, "भरले काकी. खरेच भरले."

काकीला ते पटले नाही. मला मात्र ते एक वाक्य ऐकून बरे वाटले, कारण त्यामागे काय काय होते ते मला ठाऊक होते.

त्याच्या आदल्या डिसेंबरात ताई माझ्याकडे आली होती. वजन १०४ किलो, उंची पाच फुटांच्या वर जेमतेम. नऊ वर्षांचा मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन, गुडघे गेलेले, आणि रात्री झोपेत श्वास अडकतो म्हणून तोंडाला यंत्र. डॉक्टरांनी वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेचा, म्हणजे बॅरिआट्रिक सर्जरीचा, सल्ला दिला होता. तिने वहीत प्रश्न लिहून आणले होते. आमच्या घरी बोलणे कोकणीत. ती म्हणाली, "हांव भियेतां." मग म्हणाली, तू जुन्यापुराण्या गोष्टी वाचत असतोस, तर या ऑपरेशनाचा इतिहास काय तो मला सांग. डॉक्टर पुढचे सांगतात. मागे काय झाले ते कोणी सांगत नाही.

वहीत प्रश्न पाच होते. मी मरेन का? आतडी कापल्यावर जन्मभर जुलाब आणि अशक्तपणा राहील का? सगळे करूनही पुन्हा जाडी झाले तर? लोक काय म्हणतील? पाचवा प्रश्न लिहून तिने खोडला होता, तो मला नंतर कळला.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे कोणी काय करावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण त्या निमित्ताने जे वाचले ते लिहून ठेवावेसे वाटले. या विषयाभोवती जी भीती आहे ती अडाणीपणाची नाही. तिच्यातली जवळजवळ प्रत्येक भीती कधी ना कधी खरी ठरलेली आहे, आणि ती कशी कमी होत गेली हाच या शस्त्रक्रियेचा इतिहास आहे.

सुरुवात चौथ्या प्रश्नापासून करतो, कारण तो सर्वांत जुना. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आहे, अष्टौनिंदितीय नावाचा. शरीराच्या ठेवणीमुळे लोकनिंदेला पात्र ठरणारी आठ माणसे त्यात सांगितली आहेत. फार उंच, फार बुटका, फार केसाळ, केस नसलेला, फार काळा, फार गोरा, फार कृश आणि फार स्थूल. त्यातही कृशपणा परवडला, स्थूलपणा नको, असे चरक सांगतो. 'निंदित' हा शब्द तेव्हापासून चिकटलेला आहे. पण तोच अध्याय पुढे वाचला तर दोन गोष्टी आढळतात. स्थूलतेच्या कारणांत खाणे, आळस, दिवसा झोपणे यांच्याबरोबर चरक बीजस्वभावही मोजतो, म्हणजे आईबापांकडून आलेले. आणि फार भूक लागणे हा तो त्या माणसाचा गुन्हा मानत नाही, त्या विकाराचेच एक लक्षण मानतो. समाजाने निंदा लक्षात ठेवली आणि निदान विसरून गेला.

दुसरी गोष्ट इबेरियातली. दहाव्या शतकात लिओन नावाचे राज्य होते, ज्याच्या पश्चिम भागातून पुढे पोर्तुगाल निर्माण झाला. तिथला राजा पहिला सांचो इतका लठ्ठ होता की त्याला घोड्यावर बसता येत नसे. सरदारांनी ९५८ मध्ये त्याला गादीवरून काढले. त्याची आजी, नावाराची राणी तोडा, त्याला घेऊन थेट शत्रूच्या राजधानीत, कोर्दोबाला, खलिफा तिसऱ्या अब्दुर्रहमानच्या दरबारी गेली. तिथला ज्यू वैद्य हसदाई इब्न शाप्रूत याने त्याच्यावर उपचार केले, सांचो बारीक झाला, आणि ९६० च्या सुमारास खलिफाच्या फौजेच्या मदतीने त्याने गादी परत मिळवली. एवढा इतिहास. दंतकथा त्याच्या पुढे जाते. वैद्याने म्हणे राजाचे ओठच शिवून टाकले, नळीपुरती फट ठेवली आणि चाळीस दिवस नुसत्या काढ्यांवर ठेवले. हे खरे असेल असे मला वाटत नाही. पण लोकांना हजार वर्षे हीच कथा आवडली, कारण तिच्यात अपराधी कोण ते ठरलेले आहे. अपराधी तोंड आहे, म्हणून शिक्षाही तोंडाला. ताईला तिच्या शाळेतल्या स्टाफरूममध्ये ऐकावे लागले ते हेच. तोंड आवरत नाही म्हणून पोट कापून घेते.

खरी शस्त्रक्रिया यायला मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८४६ मध्ये बोस्टनला ईथरची भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा आमच्या पणजीच्या वैद्यक शाळेला जेमतेम चार वर्षे झाली होती. भूल आली, मागोमाग जंतुनाशके आली, तरी पोट उघडणे म्हणजे मरणच अशी समजूत बराच काळ होती. १८८१ मध्ये व्हिएन्नात थिओडोर बिलरोथने जठराचा कर्करोग झालेल्या एका स्त्रीच्या जठराचा भाग कापून उरलेला भाग आतड्याला जोडला. ती शस्त्रक्रियेतून वाचली, काही महिने जगली. जठर कापूनही माणूस खाऊ शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. पुढे अल्सरसाठी, म्हणजे जठरव्रणासाठी, अशा शस्त्रक्रिया जगभर होऊ लागल्या. वजनाचा विचार त्यात कुठेच नव्हता.

तो आला १९५० च्या दशकात, अमेरिकेतल्या मिनेसोटात. लहान आतडे साधारण सहा मीटर लांब असते आणि अन्न शोषले जाते ते बहुतेक तिथेच. त्यातला मोठा भाग वगळून वरचे टोक खालच्या टोकाला जोडले तर खाल्लेले अंगी लागणार नाही, असा तर्क. क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी कुत्र्यांवरचे असे प्रयोग १९५४ मध्ये मांडले. पुढे लॉस एंजलिसला पेन आणि डीविंड या शल्यविशारदांनी मोजक्या रुग्णांवर लहान आतड्याचा वरचा भाग थेट मोठ्या आतड्याला जोडून पाहिला. १९६३ मध्ये त्यांनी त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. वजन झपाट्याने उतरले, आणि जुलाब, क्षार कमी होणे, यकृताचे विकार असे सगळे मागोमाग आले. जोडणी पूर्ववत केली की वजन परत आले. मग १९६९ मध्ये त्यांनी सुधारलेली रीत सांगितली. वरचे चौदा इंच आतडे खालच्या शेवटच्या चार इंचांना जोडायचे. सहा मीटरपैकी अर्धा मीटरही वापरात नाही.

ही शस्त्रक्रिया १९७० च्या दशकात अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर झाली. ताईचा दुसरा प्रश्न या दशकातून आलेला आहे. दिवसातून अनेक वेळा जुलाब, मूतखडे, सांधेदुखी, जीवनसत्त्वे न मिळाल्याने रातांधळेपणा, आणि काहींचे यकृत कायमचे निकामी. वगळलेल्या, बिनकामाच्या आतड्यात जंतू वाढत आणि त्यांचा उपद्रव सगळ्या शरीराला होई. शेवटी १९८० च्या सुमारास ती बंद पडली. अनेकांची जोडणी पुन्हा पोट उघडून सोडवावी लागली. 'आतडी कापतात आणि माणूस खंगून जातो' हे वाक्य आज पंगतीत कोणी सहज बोलून जातो, त्यामागे अशी खरी माणसे आहेत. हे मी ताईला सांगितले तेव्हा मला वाटले ती घाबरेल. ती उलट म्हणाली, म्हणजे मी उगीच भीत नव्हते तर.

याच काळात आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन नावाचे शल्यविशारद काम करत होते. अल्सरसाठी ज्यांचे बरेचसे जठर काढले होते अशा रुग्णांना, विशेषतः बायकांना, नंतर वजन वाढवणे कठीण जाते हे त्यांच्या लक्षात आले. अल्सरवाल्यांच्या बाबतीत ही तक्रार होती. मेसन यांनी तिचा उपयोग करायचे ठरवले. १९६६ मध्ये त्यांनी आणि चिकाशी इतो यांनी पहिली गॅस्ट्रिक बायपास केली. जठराचा वरचा लहानसा भाग वेगळा करायचा आणि तो आतड्याला जोडायचा. बाकीचे जठर पोटातच राहते, पण अन्न तिथे जात नाही. या रीतीत लहान आतड्याचा फारच थोडा भाग वगळला जातो, म्हणून आधीच्या शस्त्रक्रियेचे बहुतेक हाल टळले. आज होणारी बायपास ही तिचीच अनेकदा सुधारलेली आवृत्ती आहे.

मेसन यांचे दुसरे काम मला जास्त मोठे वाटते. १९८३ मध्ये या क्षेत्रातल्या अमेरिकी शल्यविशारदांची संघटना स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. त्याच दशकात त्यांनी आयोवात एक नोंदवही सुरू केली. वेगवेगळ्या इस्पितळांनी आपले रुग्ण, त्यांचे उतरलेले वजन, झालेले त्रास आणि मृत्यू हे सगळे तिथे कळवायचे. वाईट निकाल शल्यविशारदाच्या खासगी आठवणीत राहिले तर त्यातून पुढच्या रुग्णाला काहीच मिळत नाही, हे त्यांना कळले होते. मेसन २०२० मध्ये वारले, वयाची शंभरी पूर्ण करून.

आता पहिला प्रश्न. मी मरेन का? १९८७ मध्ये स्वीडनमध्ये लार्स शोस्त्रोम यांच्या नेतृत्वाखाली एक मोठा अभ्यास सुरू झाला. शास्त्रीय रीत अशी की चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांवर शस्त्रक्रिया करायची आणि अर्ध्यांवर नाही. पण तेव्हा या शस्त्रक्रियेत शंभरात एक ते पाच माणसे दगावत होती, म्हणून चिठ्ठ्या टाकायला परवानगी मिळाली नाही. ज्यांनी स्वतःहून शस्त्रक्रिया निवडली असे २०१० जण आणि त्यांच्याशी जुळणारे, नेहमीचे उपचार घेणारे २०३७ जण, अशी तुलना झाली. २००७ मध्ये निकाल आला. पहिल्या नव्वद दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी पाच जण दगावले, दुसऱ्या गटात दोन. सरासरी जवळजवळ अकरा वर्षांनी मोजले तेव्हा आकडे फिरले होते. शस्त्रक्रियेच्या गटात १०१ मृत्यू, दुसऱ्या गटात १२९. २०२० मध्ये त्याच अभ्यासाने पुढचा हिशेब दिला. शस्त्रक्रिया झालेली माणसे न झालेल्यांपेक्षा सरासरी तीन वर्षे जास्त जगली, तरी सर्वसाधारण लोकांपेक्षा साडेपाच वर्षे कमीच.

मधल्या काळात सुरीही बदलली होती. पूर्वी छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंत पोट उघडावे लागे. जखम पिकणे, हर्निया होणे, दुखण्यामुळे हालचाल न करणे आणि त्यातून पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे, हे मोठे धोके होते. सॅन दिएगोच्या विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी १९९४ मध्ये दुर्बिणीतून केलेली बायपास प्रसिद्ध केली. पाचसहा छिद्रे आणि काम संपले. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ४७७६ रुग्णांचा निकाल आला, त्यात पहिल्या तीस दिवसांतले मृत्यू हजारी तीन. धोका शून्य झाला नाही. जोडणीतून किंवा टाक्यांतून गळती होणे ही आजही या शस्त्रक्रियेची सर्वांत मोठी धास्ती आहे, आणि रुग्णाला एकाएकी नाडी जोरात लागली, ताप आला, पोट दुखू लागले तर वाट पाहायची नसते. ताईने पहिला प्रश्न खोडला नाही. समोर फक्त लिहिले, हजारात तीन, आणि खाली, काही न केल्यास किती?

आपल्याकडे मराठी घरांत हे नाव पोहोचले ते बहुधा २०११ मध्ये, नितीन गडकरींनी ही शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा. गोव्यात त्याच्या आधीच एक नाव आले होते, फुटबॉलवाल्यांच्या तोंडून. मॅराडोनाने २००५ मध्ये कोलंबियात बायपास करून घेतली आणि त्याच वर्षी तो ओळखू न येण्याइतका सडपातळ होऊन टीव्हीवर कार्यक्रम करू लागला. मग २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमदला उपचारासाठी मुंबईत आणले गेले. तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, वजनही पुष्कळ उतरले, पण त्याच वर्षी सप्टेंबरात अबूधाबीत ती वारली. तिचे आजार कितीतरी आणि फार जुने होते. लोकांच्या लक्षात राहिले ते ऑपरेशन आणि मरण. अशा बातम्यांनी आशा आणि भीती दोन्ही फुगतात.

ताईची शस्त्रक्रिया मार्चमध्ये झाली. तिच्यावर झाली ती स्लीव्ह, म्हणजे जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढून उरलेल्याची केळ्यासारखी निमुळती नळी ठेवायची. आतड्याला हात लावत नाहीत. आधी दोन आठवडे तिला जवळजवळ पातळ पदार्थांवर ठेवले होते, यकृत आकसावे आणि दुर्बिणीला जागा मिळावी म्हणून. ऑपरेशनच्याच संध्याकाळी नर्सने तिला उठवून चालवले. ताई म्हणाली, त्या क्षणी मला त्या मुलीचा इतका राग आला होता. गुठळी होऊ नये म्हणून ते चालणे असते हे तिला माहीत होते, पण माहीत असणे आणि उभे राहणे वेगळे.

बरे होणे हा शब्द आपण सहज वापरतो. इथे तो थोडा फसवा आहे. ताप गेला की माणूस पूर्वीसारखा होतो. या शस्त्रक्रियेनंतर पूर्वीसारखे व्हायचेच नसते. ताईचे पहिले दिवस घोटांचे होते. औषधाच्या झाकणाएवढे पाणी, मग थांबायचे, मग पुन्हा. मग पातळ ताक, डाळीचे पाणी, गाळलेले सूप. तिसऱ्या आठवड्यात तिला उकड्या तांदळाची घोटलेली, गाळलेली पेज मिळाली, चिमूटभर मीठ घालून. ती पहिला चमचा तोंडात घेऊन रडली. सात चमच्यांत पोट भरले. आयुष्यात कधी पेजेने पोट भरल्याचे मला आठवत नाही, ती म्हणाली.

मग एकेक धडा. जेवताना पाणी प्यायचे नाही, मागेपुढे अर्धा तास सोडायचा. घास इतका चावायचा की त्याची पेजच व्हायला हवी. आधी डाळ, अंडे, मासा, म्हणजे प्रथिने, आणि जागा उरली तर भात. गोव्यात हे सांगणे म्हणजे देवळात जाऊन देव शेवटी बघ म्हणण्यासारखे. एकदा घाईत खाल्लेला चपातीचा घास छातीत अडकला आणि अर्धा तास ती घामाघूम होऊन बसून राहिली. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळू लागले. वजन वेगाने उतरताना असे होते, बहुधा काही महिन्यांत थांबते, हे तिला आधी सांगितले होते म्हणून ती तग धरून राहिली. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर. रक्ततपासणी जन्मभर. पेन आणि डीविंडच्या रुग्णांनी जे भोगले त्यातून शिकलेले हे धडे आहेत. त्या गोळ्या कंटाळून सोडणाऱ्यांना जुना इतिहास पुन्हा गाठतो.

सगळ्यांत मोठा बदल ताईने सांगितला तो भुकेचा. ती म्हणाली, पूर्वी जेवून उठले तरी डोक्यात एक रेडिओ चालू असायचा, फडताळात काय आहे, फ्रीजमध्ये काय आहे. तो बंद झाला. याचे कारण कळायला १९९९ साल यावे लागले. त्या वर्षी जपानमध्ये घ्रेलिन नावाचे संप्रेरक सापडले, जे मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते आणि मेंदूला भूक कळवते. स्लीव्हमध्ये नेमका तो भाग काढला जातो. त्याआधी १९९५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या वॉल्टर पोरीस यांनी दाखवले होते की बायपास झालेल्या १४६ मधुमेहींपैकी १२१ जणांची साखर सामान्य झाली, आणि ती उतरू लागते वजन उतरण्याच्या आधी, काही दिवसांतच. म्हणजे जठर ही नुसती पिशवी नाही. जठर आणि आतडी मेंदूशी, स्वादुपिंडाशी सतत बोलत असतात, आणि शस्त्रक्रिया ते बोलणे बदलते. आज ज्या इंजेक्शनांची एवढी चर्चा आहे, २०२५ मध्ये भारतातही आलेली, ती आतड्यातल्या अशाच एका संप्रेरकाची नक्कल करतात. ज्यांना सुरीशिवाय चालेल त्यांना त्यामुळे दुसरी वाट मिळाली आहे, तिचेही हिशेब यथावकाश मांडले जातील.

हे वाचून झाल्यावर मी ताईला म्हटले, चौथ्या प्रश्नाचे उत्तर सापडले. भूक हे लक्षण आहे हे चरकाने म्हटले होते, आता त्याचे रसायनही सापडले. सांचोचे ओठ शिवण्यात अर्थच नव्हता. १९९१ मध्ये अमेरिकेत तज्ज्ञांनी कोणावर ही शस्त्रक्रिया करावी याचे निकष ठरवले, २०२२ मध्ये ते बदलले आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी मर्यादा आणखी खाली आणली, कारण आपल्याला कमी वजनातच मधुमेह गाठतो. आपल्या विमा नियामकाने २०१९ मध्ये ठराविक निकषांत बसणारी ही शस्त्रक्रिया सौंदर्योपचारांपासून वेगळी काढली. आजार म्हणून मान्यता मिळायला एवढा वेळ लागला.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र गोड नाही. स्वीडनच्या अभ्यासात दोन वर्षांनी वजन सरासरी २३ टक्के उतरलेले होते, दहा वर्षांनी १७ टक्के. म्हणजे काही वजन परत येते. मॅराडोनाचेही आले, २०१५ मध्ये त्याने दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करून घेतली. शरीर जुने वजन विसरत नाही. आणखी एक गोष्ट. २००७ मध्ये अमेरिकेतल्या युटामधला अभ्यास आला, त्यात बायपास झालेल्यांचे एकूण मृत्यू ४० टक्के कमी होते, पण अपघात, आत्महत्या अशा आजाराबाहेरच्या कारणांनी होणारे मृत्यू ५८ टक्के जास्त. २०१२ मध्ये दारूबद्दलचा इशाराही आला. बायपासनंतर दारू रक्तात फार लवकर चढते आणि दुसऱ्या वर्षापासून व्यसनाचे प्रमाण वाढलेले दिसले. फेणीच्या प्रदेशात हे मुद्दाम सांगायला हवे. जेवण हा ज्यांचा दुःखातला आधार होता, त्यांचा तो आधार एका दिवसात काढून घेतला जातो, आणि जागा रिकामी राहते. पोट बरे होते का हे पाहायला दहा माणसे येतात, मन कसे आहे हे विचारायला कोणी येत नाही.

ते मला ताईच्या पाचव्या प्रश्नावरून कळले. जुलैत एका संध्याकाळी तिने ती वही दाखवली. खोडलेल्या ओळीत लिहिले होते, मग पंगतीत मी काय करू? ती लाजली होती हे लिहायला. मरणाच्या प्रश्नाशेजारी जेवणाचा प्रश्न कसा लिहायचा? पण आपल्याकडे पंगत म्हणजे नुसते जेवण नसते. माहेर असते, आईच्या हातची आठवण असते, वाढणाऱ्याने नाव घेऊन केलेला आग्रह असतो. वाटी लहान झाली तर त्यातले काय काय उरेल, हे तिला सर्वांत जास्त भिववत होते. शल्यविशारदाकडे या प्रश्नाचे उत्तर नव्हते. माझ्या वाचनातही सापडले नाही.

चवथीला ताईचे वजन ८१ किलो होते. इन्सुलिन बंद, एक गोळी चालू. जिने चढताना ती मध्ये थांबली नाही हे मी पाहिले. पंगत उठल्यावर काकी माझ्याजवळ आली आणि हळूच विचारले, हिला काही झाले आहे काय? मी म्हटले, झाले होते, आता नाही. मग तिला सगळे सांगितले, बिलरोथ आणि मेसन सोडून. काकी बराच वेळ गप्प होती.

रात्री आरत्या झाल्या आणि पुन्हा पाने मांडली. काकीने सगळ्यांना वाढले. ताईच्या पानाशी आली तेव्हा तिच्या हातात वेगळी वाटी होती, बालवाडीतल्या मुलांना देतात तेवढी. तिच्यात मऊ भाताची पेज आणि कडेला आंब्याच्या लोणच्याचा बोटभर खार. दुसऱ्यांदा घे, असे ती म्हणाली नाही. ताईच्या शेजारी पाटावर बसली आणि तिचे खाऊन होईपर्यंत गावातल्या गोष्टी सांगत राहिली. सहा चमच्यांना पाऊण तास लागला.